बिघाड पेटीत नव्हता

मित्रांनो, मी एक पेटी आहे. कपड्यालत्त्याची नव्हे, गाण्याची. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनापासून दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचं घर आहे. त्या घरात खिडकीखाली माझी जागा. माझं वय पन्नाशीला टेकलं आहे. सागाच्या अंगाला दोन चिरा गेल्या आहेत आणि वरच्या सप्तकातल्या तीन पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत. सूर मात्र अजून खरे आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण एका उन्हाळ्यात माझ्या सुरांवर नाहक संशय घेतला गेला, आणि खरं दुखणं होतं तिकडे कुणी बघितलंच नाही.

माझा जन्म गिरगावातला. एका माडीवर बसून एक म्हातारे कारागीर पितळेचा एकेक सूर ओठांशी धरून फुंकायचे, पात्याने केसभर खरवडायचे, पुन्हा फुंकायचे. मनाजोगा लागला की मानेने होकार देऊन तो माझ्या पोटात बसवायचे. तिथून मला रामभाऊंनी अंबरनाथला आणलं. रामभाऊ काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. ढोलकीवाला, दोन कोरसवाले, टाळ्या धरणारे चौघे आणि मधोमध मी. बाबासाहेबांच्या जयंतीचा महिना आला की आम्हाला घरी थारा नसायचा. आज उल्हासनगर, उद्या बदलापूर, परवा चामटोली. टेम्पोत सतरंजीवर मला ठेवायचे आणि रामभाऊ माझ्यावर हात ठेवून बसायचे, लहान मुलाला धरावं तसे. गाणी ते स्वतः बांधायचे आणि एका निळ्या वहीत लिहून ठेवायचे. लोक म्हणायचे, “रामभाऊंची पेटी बोलते.” मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

रामभाऊ गेले आणि माझं बोलणं थांबलं. त्यांच्या पत्नीने, सुंदराबाईंनी, मला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. तिथे मी चौदा वर्षं होते. सुरुवातीला खालून बोलणी ऐकू यायची, तेव्हा वाटायचं, आज उतरवतील, उद्या उतरवतील. नंतर तेही वाटेनासं झालं. उंदरांनी माझा भाता कुरतडून आत घरटं केलं. पिल्लं मेली, कुजली, वाळली. तो वास माझ्या लाकडात इतका मुरला, की पुढे तो मी कुठेही ओळखला असता. आणि पुढे एका जागी मी तो ओळखलाही.

मला खाली उतरवलं रामभाऊंच्या मुलाने, राजेंद्रने. तो आनंदनगरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. सकाळची पाळी करून साडेचारला घरी यायचा. त्याला स्वतःला सा आणि रे यांतला फरक सांगता आला नसता. बाप सतत कार्यक्रमांना बाहेर, त्यामुळे पोराला शिकवायचं राहून गेलं होतं. ही सल त्याच्या मनात होती. म्हणून त्याची मुलगी अस्मिता नऊ वर्षांची झाली आणि एका लग्नात पेटीवाल्यांच्या शेजारी जाऊन तासभर हलली नाही, तेव्हा राजेंद्र दुसऱ्याच दिवशी स्टूल घेऊन माळ्याखाली उभा राहिला.

मला उल्हासनगरला नेलं. तिथे एका गल्लीत एक वयस्क सिंधी कारागीर वाद्यं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांनी मला उघडलं, घरटं काढलं, नाकाला रुमाल लावला आणि मग एकेक सूर वाजवून पाहिला.

“बनानेवाले का हाथ अच्छा था,” ते म्हणाले. “भाता नवा टाकतो. सूर को कुछ नहीं करना है.”

आठ दिवसांनी मी घरी आले ती नव्याने श्वास घ्यायला लागूनच. सुंदराबाईंनी मला पुसलं, पदर डोळ्यांना लावला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

सुरुवातीचे दिवस फार चांगले होते. अस्मिता आठवड्यातून दोनदा पेटी शिकवणाऱ्या अंजनाताईंच्या क्लासला जायची. इतर दिवशी संध्याकाळी सहा वाजता राजेंद्र आणि ती माझ्यासमोर चटईवर बसायची. तिचा हात लहान, भाता ओढून दुखायचा. म्हणून भाता राजेंद्र हलवायचा आणि पट्ट्या ती दाबायची. अंजनाताईंनी मोबाईलवर पाठवलेला धडा आधी ऐकायचा, मग वाजवायचा. राजेंद्रने एक युक्ती काढली होती. डावीकडे एक वाटी, उजवीकडे एक वाटी. डाव्या वाटीत पाच वाल. धडा एकदा बरोबर वाजला की एक वाल उजवीकडे. पाचही वाल तिकडे गेले की त्या दिवसाचा रियाज संपला. कारखान्यातून दमून आलेला माणूस, पण त्या अर्ध्या तासात त्याने एकदाही घड्याळ बघितलं नाही. दिवाळीपर्यंत अस्मिता दोन्ही हातांनी अलंकार वाजवायला लागली. सुंदराबाई कांदा चिरता चिरता म्हणायच्या, “आज्याची बोटं हायेत गं तुला.”

मग थंडी आली, आणि पहिली खूण मला दिसली.

अस्मिता पट्टीवरचं बोट उचलायला विसरायला लागली. राजेंद्र मध्येच भाता थांबवायचा, माझा आवाज विरत विरत बंद व्हायचा, तरी तिचं बोट तिथेच. सूर संपला आहे हे तिला राजेंद्रचा थांबलेला हात बघून कळायचं. राजेंद्रला वाटलं, पोरगी रंगून गेली आहे. मलाही आधी तसंच वाटलं.

नंतर ती पट्ट्या जोरात दाबायला लागली. मित्रांनो, पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही. तो भात्याच्या हवेने वाढतो. तिला हे शिकवलेलं होतं. तरी ती बोटाची पेरं पांढरी होईपर्यंत दाबायची आणि म्हणायची, “पप्पा, अजून जोरात हलवा ना.”

एकदा राजेंद्र पाणी प्यायला उठला, तेव्हा तिने एका हाताने भाता हलवत आपली हनुवटी माझ्या अंगावर टेकली. डोळे मिटले. मी थरथरत होते आणि ती थरथर तिच्या जबड्यातून आत जात होती. तिचा चेहरा खुलला. त्या क्षणी मला कळलं, की हनुवटी टेकल्याशिवाय माझा आवाज तिच्यापर्यंत नीट पोचत नाहीये. आणि ती इतकी जवळ आली होती, की तिच्या उजव्या कानाचा वासही मला आला.

तो वास माळ्यावरचा होता. कुजलेल्या घरट्याचा.

कान तिचा आधीही वाहत असे. चार वर्षांची असताना वाहिला होता, औषधाच्या थेंबांनी थांबला, सगळे विसरले. आता पुन्हा वाहायला लागला तेव्हा सुंदराबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि दोन थेंब सोडून वर कापसाचा बोळा लावला. मायेनेच केलं त्यांनी ते. त्यांच्या आईने त्यांना केलं होतं, त्यांनी राजेंद्रला केलं होतं. अस्मिताची आई यशोधरा उल्हासनगरात जीन्स शिवण्याच्या कारखान्यात जायची. ती साडेआठला घरी पोचायची, तेव्हा बोळा बदललेला असायचा आणि केस कानावर आलेले असायचे.

“कान दुखतोय का गं?” तिने एकदोनदा विचारलं होतं.

“नाही दुखत,” अस्मिता म्हणाली. ते खरं होतं. दुखत नव्हतं. आत जे चाललं होतं ते न दुखता चाललं होतं.

शाळेच्या वहीत बाईंनी लिहिलं, ‘वर्गात लक्ष नसते.’ अंजनाताईंच्या क्लासात वीस मुलं. त्या म्हणाल्या, “घरी रियाज कमी पडतोय हिचा.” राजेंद्रच्या मनाला ते फार लागलं. त्याने अर्ध्या तासाचा पाऊण तास केला, पाच वालांचे दहा वाल केले.

फेब्रुवारीत विहाराच्या कमिटीतले संतोष घरी आले. चहा घेत म्हणाले, “राजाभाऊ, यंदा चौदा एप्रिलला आपल्या स्टेजवर रामभाऊंचं गाणं व्हायला पायजे. नातीने पेटी वाजवायची, बायका गातील. काय म्हणतेस अस्मिता?”

अस्मिता त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिने वडिलांकडे बघितलं. वडील हसत होते, म्हणून तीही हसली आणि मान हलवली. काय विचारलं गेलं ते तिला कितपत कळलं होतं, कोण जाणे.

निळी वही बाहेर आली. गाण्याची चाल सुंदराबाईंच्या गळ्यात होती. त्या गुणगुणायच्या, अंजनाताईंनी ती लिहून दिली, आणि रियाज सुरू झाला. आता भीती माझ्या रोजच्या सोबतीला आली. अस्मिता कानाने नव्हे, डोळ्यांनी वाजवत होती. कुठल्या पट्टीनंतर कुठली पट्टी, किती आकड्यांनी, हे तिने पाठ करून टाकलं होतं. ओठांतल्या ओठांत आकडे मोजायची. बोटं सरळ चालली तोवर कुणाला काही कळत नसे. पण एकदा तिचं बोट शेजारच्या पट्टीवर पडलं आणि तिने अख्खं कडवं एक घर सरकवून वाजवलं, शेवटपर्यंत, शांत चेहऱ्याने. स्वयंपाकघरातून सुंदराबाईंनी “अगं अगं” म्हटलं. अस्मिता थांबली नाही. वाजवून झाल्यावर तिने आपणहून एक वाल उचलून उजव्या वाटीत टाकला.

राजेंद्र तिच्याकडे बघत राहिला. त्याने आवाज चढवला नाही. उजव्या वाटीतले सगळे वाल त्याने परत डाव्या वाटीत ओतले.

“पुन्हा पहिल्यापासून,” तो म्हणाला. “मला फसवू नकोस अस्मी. वाजवायचं नसेल तर तसं सांग.”

तिचे डोळे भरले. “पप्पा, पेटीचा आवाज लांब गेलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे लांब. शेजारच्या घरात वाजल्यासारखा.”

राजेंद्रने भाता हलवून दोनतीन पट्ट्या दाबल्या. त्याला आवाज ठीक वाटला, पण स्वतःच्या कानावर त्याचा विश्वास नव्हता. गाण्यातलं आपल्याला काय कळतं, असं त्याला नेहमीच वाटत आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच सांगितलं. त्याने माझी धूळ झटकली. रविवारी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तो मला आणि तिला रिक्षात घालून उल्हासनगरला दादांकडे घेऊन गेला.

“पेटी बिघडली,” तो म्हणाला. “आवाज दबला आहे म्हणते मुलगी.”

दादांनी मला उघडलं. दिव्याखाली धरून आत बघितलं. खालपासून वरपर्यंत प्रत्येक सूर वाजवला. मी जीव तोडून वाजले. मित्रांनो, इतकं खरं मी रामभाऊंच्या हाताखालीही कधी वाजले नसेन.

दादा थांबले. अस्मिता दुकानाच्या दाराशी, आमच्याकडे पाठ करून, रस्त्यावरची गंमत बघत होती. दादांनी हळूच भाता हलवला आणि एक सूर धरला. ती वळली नाही. त्यांनी दुसरा धरला. मग जरा मोठ्याने हाक मारली, “बिटिया.” ती वळली नाही. समोरच्या दुकानदाराने तिला खूण केली, तेव्हा ती दचकून मागे फिरली.

दादांनी माझं झाकण बंद केलं.

“बाजा ठीक आहे, साईं,” ते म्हणाले. “बच्ची का कान दिखाओ. आजच दाखव.”

राजेंद्रचा चेहरा पडला. “कापूस आहे ना कानात. म्हणून.”

“मी पचास साल लोकांचे कान बघतो. आजच दाखव.”

राजेंद्रने आम्हा दोघींना रिक्षात बसवलं. मला वाटलं, रिक्षा दवाखान्याकडे वळेल. ती घराकडे वळली. संध्याकाळी त्याने यशोधराला दादांचं बोलणं सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. “कानात मळ असेल. जयंती झाली की दाखवू. आठ दिवस तर राहिले. आत्ता थेंब टाकून कानच बंद केला तर स्टेजवर कशी वाजवेल?”

यशोधरा म्हणाली, “अहो, मी सोमवारी सुट्टी मागते.”

“सोमवारपासून विहारात तालीम आहे,” राजेंद्र म्हणाला. “बाबांचं गाणं आहे ते, यशोधरा. आठ दिवस फक्त.”

तिने त्याच्याकडे बघितलं. हे गाणं त्याच्यासाठी काय आहे ते तिला माहीत होतं, म्हणून ती गप्प बसली. पुढे कित्येक दिवस ती या गप्प बसण्याबद्दल स्वतःला बोल लावत होती.

ते दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. वास वाढला होता. अस्मिता जेवणावरून उठताना भिंतीला हात लावायला लागली. एकदा माझ्यासमोर बसताना तिचा तोल गेला आणि ती माझ्यावर पडली; माझ्या पट्ट्या एकदम खाली दबल्या. राजेंद्र म्हणाला, “नीट बस गं.” ती म्हणाली, “घर फिरतंय.” उन्हाळ्याचं ऊन लागलं असेल म्हणून सुंदराबाईंनी तिला कोकम सरबत दिलं.

जयंतीच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा रियाज होता. बाहेर निळे झेंडे लागले होते, पोरं पताका बांधत होती. अस्मिताने पहिलं कडवं न चुकता वाजवलं. दुसरं वाजवलं. राजेंद्र खूश होऊन भाता हलवत होता, त्याचं लक्ष तिच्या बोटांवर होतं. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, मला दिसत होता. तिच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळेची एक बारीक धार हनुवटीवर आली आणि माझ्या पांढऱ्या पट्टीवर टपकली. तिला ते कळलंच नाही.

“चल, पाणी पी,” राजेंद्र म्हणाला.

तिने पेला तोंडाला लावला. पाणी एका बाजूने फ्रॉकवर सांडलं. ती गोंधळून हसली, आणि त्या हसण्यात तिचं अर्धंच तोंड हललं. उजवा गाल, उजवा डोळा, सगळं जागच्या जागी राहिलं.

सुंदराबाई पोळपाट ठेवून पुढे आल्या. त्यांनी नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“राजा,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “पोरीचं तोंड बघ.”

राजेंद्रने बघितलं. भात्यावरचा त्याचा हात तसाच राहिला. माझ्यातली उरलेली हवा एका दबलेल्या पट्टीतून सावकाश निघून गेली. तेवढाच आवाज खोलीत होता. मग त्याने तिला उचललं आणि चप्पल न घालता जिना उतरला.

पुढचे सात दिवस खिडकीखाली मी आणि घरात एकट्या सुंदराबाई. माझं झाकण उघडंच राहिलं होतं, कुणाला लावायचं सुचलं नाही. यशोधरा कारखान्यातून परस्पर दवाखान्यात गेली होती. इथल्या डॉक्टरांनी कानात बघून लगेच मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं. एवढंच आम्हाला माहीत. चौदा तारखेला मिरवणूक आमच्या खिडकीखालून गेली. ढोल वाजले, घोषणा झाल्या. सुंदराबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली, हात जोडले आणि तिथेच बसून राहिल्या. विहारात रामभाऊंचं गाणं त्या वर्षी झालं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी राजेंद्र कपडे न्यायला आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. सुंदराबाईंनी ताट वाढलं. तो चटईवर माझ्यासमोर बसला, पण ताटाला हात लावला नाही.

“ऑपरेशन झालं,” तो म्हणाला. “चार तास चाललं. कानाच्या पडद्यामागे कातडीची गाठ वाढत होती, वर्षानुवर्षं. हाड खात चालली होती. तोंडाची नस दाबली तिने. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर मेंदूत शिरली असती.”

“आता?”

“जीव वाचला. उजव्या कानाने ऐकू येणार नाही. डाव्या कानातपण पडद्यामागे पाणी साचलं होतं, ते काढलं. तो चांगला होईल म्हणाले. तोंड सरळ व्हायला महिने लागतील.”

सुंदराबाई पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. “मीच त्याल घातलं. माझ्याच हातानं.”

“तू नाही, आई.” राजेंद्रने माझ्याकडे बघितलं. चौदा वर्षं माळ्यावर होते तेव्हाही मला इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं. “तिने मला सांगितलं होतं. तीनदा सांगितलं, आवाज लांब गेलाय म्हणून. मी पेटी उघडून बघायला नेली. त्या दादांनी तोंडावर सांगितलं, तरी मी तारीख मोजत बसलो.”

तो उठला, माझं झाकण त्याने हलक्या हाताने लावलं आणि पिशवी घेऊन निघून गेला. ताट तसंच राहिलं.

अस्मिता घरी आली तेव्हा तिच्या डोक्याला पांढरी पट्टी होती आणि उजव्या बाजूचे केस काढलेले होते. एक डोळा पूर्ण मिटत नव्हता, म्हणून झोपताना त्यावर चिकटपट्टी लावायचे. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी वाट बघायची सोडली. राजेंद्रने दोन्ही वाट्या उचलून फडताळात ठेवल्या, वाल सुंदराबाईंनी आमटीत घातले. पेटीचा विषय घरात निघेनासा झाला. मे गेला, जून गेला. शाळा सुरू झाली. यशोधरा रोज आरशासमोर तिच्याकडून गाल फुगवून घ्यायची, शीळ घालायला लावायची. हवा एका कोपऱ्यातून निसटायची. हळूहळू कमी निसटायला लागली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी घरात सगळे होते. अस्मिताने आपणहून माझं झाकण उघडलं.  राजेंद्र वर्तमानपत्र खाली ठेवून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला, पण त्याने भात्याला हात लावला नाही.

“हलवू का?” त्याने विचारलं.

तिने मान हलवली. पहिला सूर धरला. मग एकदम राजेंद्रचा हात पकडून थांबवला, आणि सूर विरत विरत संपला त्याच क्षणी, हाताकडे न बघता, तिने बोट उचललं.

यशोधरा दारात उभी होती. ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता अस्मिता पुन्हा वाजवते. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. काही दिवस अजिबात नाही. हसताना तिचा उजवा ओठ अजून जरासा मागे राहतो. पण मित्रांनो, सगळं संपलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे, हा आजार पुन्हा उगवू शकतो. दर सहा महिन्यांनी कान तपासायचाच. म्हणून या घरात अजून एक भीती बसलेली आहे. ती कुणी बोलून दाखवत नाही. परवाच वाजवता वाजवता अस्मिताने उजव्या कानामागे हात नेला. राजेंद्रने तत्क्षणी भाता सोडला.

“काय झालं?”

“डास चावला.”

“बघू.”

त्याने मोबाईलचा दिवा लावून कानामागे बघितलं. जवळ जाऊन वास घेतला. पुन्हा बघितलं. डासच चावला होता. तरी परत भाता धरल्यावर त्याचं लक्ष तिच्या कानावरच राहिलं, आणि माझा सूर दोनदा डळमळला.

मित्रांनो, मला कापडाखाली झाकून ठेवा, उंदरांपासून जपा, ओल लागू देऊ नका, अशी विनंती एखाद्या पेटीने करावी हे रीतीला धरून झालं असतं. माझी विनंती वेगळी आहे. तुमचा कान वाहत असेल, शाळेतला फळा पुसट दिसत असेल, छातीत काही वेगळं वाटत असेल, तर ते मोठ्यांना सांगा. दुखत नसलं तरी सांगा. मोठी माणसं वाईट नसतात. त्यांच्या डोक्यात एखादी तारीख असते, एखादं राहून गेलेलं स्वप्न असतं, आणि त्या गडबडीत त्यांना तुमचं पहिलं सांगणं ऐकू येत नाही. म्हणून दुसऱ्यांदा सांगा. वडिलांनी नाही ऐकलं तर आईला सांगा, आजीला सांगा, बाईंना सांगा, शेजारच्या काकूंना सांगा. कुणीतरी हातातलं काम टाकून, खाली वाकून, तुमच्याकडे नीट बघेपर्यंत सांगत राहा.